हातभर अंतरावरचं गाणं

भिवंडीच्या जुन्या गल्लीत शिरलं की कारखान्याचं दार दिसायच्या आत माग कानाला लागतो. धोटा या पेटीतून सुटतो, त्या पेटीत जाऊन आदळतो, फणी पुढे येऊन धाग्याला ठोका देते, की धोटा परत निघालेला असतो. साध्या जुन्या मागावर हे मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा चालतं. गाणाऱ्याच्या हिशेबात ही चांगली द्रुत लय झाली. एकटा माग चालू असेल तर त्यावर बोटांनी तीनताल मोजता येतो. पण एका पत्र्याखाली वीस-चोवीस माग असतात, प्रत्येकाची लय शेजारच्यापेक्षा केसभर वेगळी, आणि त्या सगळ्या लयी एकमेकींवरून घसरत राहतात. सम म्हणून येतच नाही. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत हे चालतं. या आवाजात पोरं अभ्यास करतात, म्हातारी माणसं दुपारची झोप काढतात. आणि सुट्टीच्या दिवशी माग थांबले की तान्ही बाळं दचकून उठतात, असं आमच्याकडच्या बायका सांगतात.

मला या आवाजाचा राग नाही. गावाचं पोट त्यावर चाललं. पण मला गाणं लागतं, रोज लागतं, आणि भिवंडीत राहून, खिशाला झेपेल एवढ्या पैशात, घरात गाणं नीट ऐकायचं कसं हा प्रश्न मी कधी चैनीचा मानला नाही. दिवसभर कान नको ते ऐकत असतात. संध्याकाळी तासभर त्यांना हवं ते ऐकायला मिळावं, ही साधी मागणी आहे.

आवाजाला आवाजानंच उत्तर द्यायची आमच्या भागाची रीत. आसपासच्या आगरी गावांत हळद लागली की बेंजो पार्टी येते, डीजेच्या पेट्या एकावर एक रचल्या जातात, आणि लग्नसराईत अंजूरपासून पडघ्यापर्यंत रात्र दणाणते. हळदीला ते शोभतं. ती गाणी अंगणासाठी आहेत, नाचणाऱ्या शे-दोनशे माणसांसाठी आहेत. गडबड होते ती तीच रीत दोन खोल्यांच्या घरात आणली की. मग टीव्हीच्या शोकेसवर दोन छोटे डबे आणि खाली जमिनीवर धडधडणारं मोठं खोकं, ज्याला दुकानदार टू पॉइंट वन म्हणतात, असा संच येतो. पलीकडे माग, अलीकडे हे खोकं, आणि मधल्या भिंतीपलीकडे शेजारी. खालच्या स्वरांना भिंत अडवत नाही. गाण्यातले शब्द शेजाऱ्याकडे पोचत नाहीत, फक्त धडधड पोचते. आपलं गाणं ऐकणाऱ्या माणसानं शेजाऱ्याला नुसती धडधड द्यावी हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून सांगतो, चाळीत किंवा आमच्यासारख्या चिकटून उभ्या घरांत राहणाऱ्यानं ते तिसरं खोकं घेऊच नये. दोनच स्पीकर घ्यावेत, छोटे घ्यावेत, आणि जवळ घ्यावेत.

जवळ. सगळी गोम त्यात आहे. मोकळ्या जागेत उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, आणि अंतर निम्मं केलं की तेवढाच चढतो. शोकेसवरचा स्पीकर पलंगापासून आठ फुटांवर असतो. तोच टेबलावर, दोन फुटांवर आणला तर अंतर दोनदा निम्मं होतं. म्हणजे बारा डेसिबल पदरात पडले. हेच बारा डेसिबल आवाजाची चकती फिरवून मिळवायचे तर अॅम्प्लिफायरला सोळापट ताकद लावावी लागते. खोलीत भिंती आवाज परतवतात, त्यामुळे हिशेब इतका चोख राहत नाही, पण दिशा हीच. मागाचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो, कारण माग काही जवळ आलेला नसतो. गाणं माझ्यापुरतं वाढलं, शेजाऱ्यापुरतं वाढलंच नाही.

ध्वनिमुद्रण करणारे लोक हे कधीचेच करत आले आहेत. स्टुडिओत समोरच्या टेबलावर दोन छोटे स्पीकर ठेवलेले असतात, हातभर अंतरावर. यामाहा कंपनीनं १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर घरगुती वापरासाठी काढला. घरांत तो फारसा रुजला नाही, पण स्टुडिओंच्या टेबलांवर असा बसला की पुढची कित्येक वर्षं त्याचा पांढराशुभ्र कोन जगभरच्या ध्वनिमुद्रकांच्या डोळ्यांसमोर राहिला. त्यांना टेबलाजवळ बसून नेमकं ऐकायचं असतं. मला मागाशेजारी बसून नेमकं ऐकायचं असतं. गरज एकच.

ताकदीबद्दल तर बाजारानं आपली फार दिशाभूल केली. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजार-हजार वॅटचे आकडे छापलेले असायचे. तो आकडा क्षणार्धाच्या एखाद्या काल्पनिक उसळीचा. सतत टिकणारी ताकद आरएमएसमध्ये मोजतात आणि ती त्याच्या कितीतरी कमी निघते. प्रत्यक्षात साधासा स्पीकरही एक वॅट दिला की मीटरभरावर सुमारे ८५ डेसिबल आवाज करतो. आणि ८५ डेसिबल रोज आठ-आठ तास ऐकणं कानाला घातक मानतात. म्हणजे टेबलावर बसून ऐकणाऱ्याला वॅटभर ताकदसुद्धा पुरून उरते. ताकद दुप्पट केली तर वाढतात तीन डेसिबल, इतकंच. दुकानात वॅट विचारणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हे सांगायला हवं.

मग विचारायचं काय? मी खोक्यावरचं वाचत नाही. नुसता तानपुरा लावून ऐकतो. फोनवरच्या कुठल्याही तानपुऱ्याच्या अॅपवर काळी एक धरतो, आवाज मध्यम ठेवतो, आणि दोन मिनिटं काहीच करत नाही. दुकानदार अस्वस्थ होतो. त्याला धडधड ऐकवायची असते.

तानपुऱ्याची परीक्षा फार कडक आहे, आणि तिच्यात एक नवल दडलेलं आहे. पुरुषाच्या काळी एकचा षड्ज म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. त्याखालचा खर्ज ६९ च्या आसपास. अडीच-तीन इंची स्पीकर ६९ हर्ट्झला जवळपास गप्प असतो, तेवढी हवा हलवायची ताकदच त्या कागदी कोनात नसते. तरी चौथी तार छेडली की खर्ज ऐकू येतो, अगदी भरदार ऐकू येतो. कारण तार एकट्या मूळ स्वरात कधी कापत नाही. तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर एकदम उठतात. गाणारे त्यांना स्वयंभू स्वर म्हणतात. तानपुऱ्यात ते विशेष दाट असतात, कारण घोडीचा माथा जवारीसाठी हलकासा गोलसर घासलेला असतो आणि त्यावर तारेखाली एक सुताचा धागा सरकवलेला असतो. तो धागा गव्हाच्या दाण्याएवढा पुढे-मागे केला तरी तार बोलायला लागते किंवा मुकी होते. मिरजेच्या कारागिरांच्या हाताखाली हे पाहावं. तर ते स्वयंभू स्वर १३८, २०७, २७६ असे, प्रत्येकी ६९ च्या अंतरानं येतात, छोटा स्पीकर ते सगळे वाजवू शकतो, आणि आपला मेंदू त्या समान अंतरावरून ओळखतो की यांच्या मुळाशी ६९ असणार. न वाजलेला खर्ज मेंदू स्वतः भरून काढतो. धाग्याच्या गावात राहून मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला. सुताच्या एका बोटभर तुकड्यानं जे स्वर मोकळे होतात, त्यांच्या बळावर दोन-तीन हजारांचा स्पीकर खर्ज ऐकवून जातो.

पण त्यासाठी स्पीकर प्रामाणिक हवा. वाईट स्पीकरात दोन दोष तानपुरा लगेच दाखवतो. पहिला, मागच्या भोकातून येणाऱ्या हवेनं पेटी एकाच स्वराला घुमते. मग त्या स्वराजवळची तार फुगते आणि बाकीच्या बारीक वाटतात. चारही तारा सारख्या वजनाच्या ऐकू आल्या पाहिजेत. दुसरा, वरचे स्वर खरखरीत होतात आणि पंचमाची तार कुठे संपली, जोड कुठे सुरू झाली हे कळेनासं होतं. चांगल्या स्पीकरात तारांच्या मधला धूसर भागही मोकळा ऐकू येतो. यानंतर मी एखादं जुनं भावगीत लावतो, एकाच मायक्रोफोनवर घेतलेलं. दोन्ही स्पीकरांतून सारखंच येत असल्यामुळे गळा बरोबर दोघांच्या मध्ये, रिकाम्या जागेत उभा राहायला हवा. मग लावणीची ढोलकी, तिची चाट कोरडी आणि टोकदार यायला हवी. आणि शेवटी बातम्या. निवेदकाचं ‘श’ आणि ‘ष’ शिट्टी न होता कळलं तर स्पीकर घरी न्यावा.

नावं सांगायची तर फार नाहीत. क्रिएटिव्ह कंपनीचे पेबल नावाचे वाटोळे स्पीकर आहेत, दोन इंची, तोंड ४५ अंशांत वर केलेलं, संगणकाच्या यूएसबीवर चालणारे. लहान टेबलावर, कानाच्या खाली राहूनही त्यांचा आवाज कानाकडेच येतो. थोडे जास्त पैसे साठवता आले तर एडिफायरचे आर १२८० च्या घरातले स्पीकर, चार इंची कोन, लाकडी धाटणीची पेटी, कडेला बास-ट्रेबलच्या चकत्या. याहून पुढे जायची हाव मी धरत नाही. आमच्या खोलीत तिचा उपयोग होणार नाही, आणि उरलेल्या पैशाला इतर वाटा आहेत.

या खरेदीत एक गंमत भिवंडीकरालाच कळते. महाराष्ट्रात कुणीही ऑनलाइन काही मागवलं की पार्सलचा माग काढताना पडद्यावर ‘भिवंडी’ उमटतं. मुंबईत जकात होती तोवर तिच्या हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं, म्हणून नाशिक महामार्गाच्या अंगानं, मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, सोनाळे इथल्या भातखाचरांवर गोदामं उठली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट आणखी मोठी झाली. न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेला कंटेनर इथे येऊन रिकामा होतो. त्यामुळे होतं असं की अंजूरफाट्याच्या पलीकडच्या गोदामात ठेवलेला स्पीकर मागवावा, तर तो आधी वर्गवारीसाठी दुसऱ्याच गावाला जातो आणि मग वळसा घालून परत भिवंडीत, आपल्या दारात येतो. घेणाऱ्यानं परत करायची मुदत तेवढी बघावी, आणि तानपुरा पहिल्याच दिवशी लावावा. ज्यांना ऐकून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी अजून मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. एसटीनं ठाणे, तिथून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. तिथले जुने दुकानदार दोन संच शेजारी-शेजारी वाजवून दाखवतात, हे पार्सलात मिळत नाही.

घरी आणल्यावर पहिली भेट होते ती घुंईची. गाणं सुरू नसतानाही बारीक घुंऽऽ येत राहते. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५० असतात. अर्थिंग धड नसलं, किंवा लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या प्लगांवर लावले की तो ५० आणि त्याच्या पटीतले स्वर तारेतून स्पीकरात शिरतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. घुंई थांबली तर दोष त्या वाटेवर आहे. दोघांना एकाच पट्टीवर घ्यावं आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं, त्यात काटकसर करू नये, कारण प्रश्न गाण्यापुरता नाही. मागच्या भोकाचे स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे. स्पीकर आणि डोकं मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. खाली रबराचे तुकडे, नाहीतर टेबलच गायला लागतं. आणि समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी. पातळ कापड नुसते वरचे स्वर खातं. आमच्याकडे कोरं ग्रे कापड मुबलक, पण एका पदरानं काही होत नाही. पाच-सात पदरांची जुनी गोधडी भिंतीपासून दोन बोटं सुटी टांगली की टाळी वाजवल्यावर येणारा तो कोरडा खणखणाट जातो. आजीच्या हातच्या गोधडीला हे काम द्यायला घरातून आधी विरोध झाला, मग ती तिथे शोभूनही दिसली.

हे सगळं माझ्यापुरतं चाललं होतं. पण खरी कसोटी शेजारच्या मामांची. मामा मूळ सोलापूरचे, पद्मशाली, उभं आयुष्य पद्मानगरच्या मागांवर गेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि गाणी दोन्हीकडची. एकदा माझ्याकडे बसले असताना अभंग चालू होता. डोळे मिटून मान डोलावत होते. संपल्यावर मी विचारलं, “कसं वाटलं मामा?” ते म्हणाले, “गाणं येतंय रे ऐकू. शब्द येत नाहीत.”

मागाजवळ ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. डेसिबलचा हिशेब पायरीपायरीनं चढत नाही, दर दहाला दसपट होतो, त्यामुळे ५५ आणि ९५ मध्ये दहा हजारपट ताकदीचं अंतर आहे. अशा जागी वर्षानुवर्षं उभं राहिलेल्याचा कान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खचतो. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर त्याच्या बरेच खाली असतात, ते शाबूत राहतात. स, श, त, फ, ख यांची धार मात्र वरच्या पट्टीत असते, ती जाते. म्हणून मामांना ‘माऊली’ ऐकू येतं आणि ‘साखर’ येत नाही. कारखान्यात त्यांना याची अडचण कधी झाली नाही, कारण तिथे कुणीच कानानं बोलत नव्हतं. ओठ वाचायचे, हात हलवायचे. लँकेशरच्या गिरण्यांतल्या बायका अशाच बोलायच्या, ओठ मोठेमोठे हलवून. त्या बोलण्याला तिथे ‘मी-मॉ’ असं नावच पडलं होतं. भिवंडीला हौसेनं मँचेस्टर म्हणणारे कापडाच्या गाठी मोजतात. कानांचा हिशेब दोन्हीकडे कुणी ठेवला नाही.

मामींनी घरी टीव्हीचा आवाज कमालीचा वाढवून बघितला होता. त्यानं उपयोग होत नाही, उलट त्रास होतो. असा खचलेला कान हळू आवाज ऐकत नाही, पण मोठा आवाज झाला की एकदम सोसवत नाही. मधली जागा फार चिंचोळी उरते. त्या चिंचोळ्या जागेत शब्द बसवायचे तर ते जवळूनच बसवावे लागतात. मी मामांना माझ्या खुर्चीत बसवलं. दोन्ही स्पीकरांची तोंडं थेट त्यांच्या कानांकडे वळवली, ट्रेबल जरा चढवलं, बास उतरवला. त्यांचा डावा कान जास्त गेलेला, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज मोनो केला, म्हणजे एका बाजूचं काही निसटायला नको. अभंग पुन्हा लावला. आवाज आधीपेक्षा वाढवला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मामा पुढे वाकले आणि गायकाच्या मागोमाग शब्द पुटपुटायला लागले. अभंग त्यांना पाठ होताच, त्यामुळे किती ऐकलं आणि किती आठवलं हे सांगता येणार नाही. पण पुढे त्यांनी बातम्या लावायला सांगितल्या, आणि बातम्या कुणाला पाठ नसतात. बातम्याही त्यांनी बऱ्याच पकडल्या. स्पीकर हे काही औषध नव्हे. मी त्यांना कान तपासून घ्यायला पाठवलं आणि यंत्राची बोलणी चालू आहेत. तोवर संध्याकाळी ते खुर्ची ओढून बसतात.

आजही कित्येक तरुण कामगार मागावर उभे असताना कानात इअरफोन घालून गाणी ऐकतात. नव्वदच्या वरच्या आवाजातून गाणं वर काढायचं तर कानात शंभरच्या घरात सोडावं लागतं. भेटेल त्याला मी सांगतो, कारखान्यात कानात कापूस घाल नाहीतर प्लग घाल, आणि गाणं घरी ऐक. कुणी ऐकतो, कुणी हसतो.

आता गाणं आणायचं कुठून. इथेही आकड्यांची भुरळ फार. १९८२ साली सीडी आली ती सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट असं माप घेऊन. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झच्या वर ऐकत नाही, आणि एखादं कंपन पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात, म्हणून ते माप. पुढे एमपी-३ नं हे ओझं १४११ किलोबिटवरून १२८ वर, म्हणजे अकराव्या हिश्शावर आणलं; त्यात तानपुऱ्याचे वरचे स्वर आणि झांजांची किणकिण पाण्यात भिजल्यासारखी व्हायची. पण २५६ किंवा ३२० किलोबिटला तो फरक आमच्यासारख्या खोलीत, अशा स्पीकरांवर ऐकून दाखवणारा विरळा. जागा भरपूर असेल तर फ्लॅक घ्यावं, त्यात काहीच गाळलेलं नसतं. मात्र २४ बिटांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. १६ बिटांतच ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, आणि आमच्या खोलीत तळाचे ४५-५० डेसिबल मागांनी आणि ट्रकांनी आधीच बळकावलेले असतात.

स्पीकरापर्यंत गाणं न्यायला मी तार वापरतो. ब्लूटूथ सोयीचं खरं, पण ते आधीच आवळलेलं गाणं पुन्हा आवळतं. हल्लीच्या बऱ्याच फोनांना हेडफोनचं भोक नसतं. हजाराच्या आतली छोटी अडॅप्टरची दोरी मिळते, तिच्या टोकाशी आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, असते, आणि ती उत्तम काम करते. महागडा डॅक घेण्यापेक्षा तेवढ्याची गाणी विकत घ्यावीत.

बिटांपेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो तो आपण कुठली प्रत ऐकतो यानं. एकच जुनं गाणं दहा ठिकाणी सापडतं. एकात कुणी खरखर पुसायच्या नादात गळ्यातला श्वासही पुसलेला, दुसऱ्यात ‘झंकार बीट्स’चा ठेका वरून लादलेला, तिसऱ्यात मोनोला ओढून-ताणून स्टीरिओ केलेलं, त्यामुळे गळा मध्ये उभाच राहत नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली, साडेतीन मिनिटांची. त्या गाण्याच्या प्रती लावून बघा. थोडी खरखर ठेवलेल्या प्रतीत बाईंचा आकार भिंतीसारखा सरळ उभा राहतो. घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या प्रतीत तो आवाज कुणाचाही वाटतो. जुन्या तबकडीवर वरचे स्वर मुळातच थोडे होते, त्यातले खरखरीबरोबर गेले तर उरणार काय? खरखर राहू द्यावी. पाच मिनिटांत कान तिला बाजूला सारतो, मागाला सारतो तसाच.

तसंच गीतरामायणाचं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक गाणं या गतीनं वर्षाहून थोडं अधिक काळ गेलं, छप्पन्न गाणी. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासह वेगवेगळे गळे वेगवेगळ्या पात्रांसाठी गायले होते. घरोघरी पोचलं ते सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, एकट्याच्या आवाजातलं. दोन्ही ऐकावीत असं मला मनापासून वाटतं. बाबूजींचा शब्द इतका स्वच्छ की मामांना सगळ्यांत आधी त्यांचेच शब्द लागले. स्पीकर निवडायचा असेल तर त्याहून चांगली चाचणी नाही.

आणि रेडिओ. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. मध्यम लहरींवर ती इथे ऐकायची म्हणजे विजेच्या मोटारींची घरघर सोबतीला. आता तीच विविध भारती, मुंबईची अस्मिता वाहिनी आणि २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी रागम् ‘न्यूज ऑन एअर’ या प्रसारभारतीच्या अॅपवर फुकट आणि स्वच्छ येतात. परवडणारं काय घ्यावं असं विचारणाऱ्याला मी आधी हे सांगतो. सकाळी कुणीतरी निवडलेला राग आपोआप कानावर यावा, यात स्वतः निवडण्यापेक्षा वेगळं सुख आहे.

एक साठा मात्र कुठल्याच अॅपवर नाही. भिवंडीच्या आसपासच्या गावांत भजनी मंडळांच्या, हळदीच्या धवल्यांच्या, मोहल्ल्यातल्या कव्वालीच्या कॅसेटी घरोघरी ट्रंकांत पडून आहेत. कुणी टेपरेकॉर्डरवर लग्नात भरलेल्या, कुणी देवळात. फीत वर्षागणिक तिचा चुंबकी लेप टाकत चालली आहे, दमट हवेत बुरशी धरते. एखादा चालू कॅसेट-प्लेयर, त्याच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपकडे जाणारी तार आणि ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम, एवढ्यावर काम होतं. ४४,१०० आणि १६ बिट, फ्लॅकमध्ये जतन, खरखरीला हात न लावता. फीत आधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली वेटोळी सुटतात. हेड स्पिरिटच्या कापसानं पुसावं. मामींनी त्यांच्या माहेरची एक कॅसेट आणून दिली आहे. ए बाजूला सोलापूरच्या देवळातलं भजन निघालं, मामांच्या सासऱ्यांचा आवाज, टाळ जरा पुढे आलेले. ते उतरवून झालं आणि मामांच्या फोनवर चढवलं. बी बाजूला कुणाची तरी हळद आहे म्हणतात. ती रविवारी.